लक्ष्मीच्या घरी सरस्वती

गेल्या जून महिन्यात आमच्या घरी एक लहानसे महायुद्ध झाले. दहावीचा निकाल लागला, कन्येला चांगले गुण पडले, पेढे वाटून झाले आणि तिसऱ्या दिवशी, पेढ्यांचा रिकामा डबा घासायला पडलेला असताना, तिने शांतपणे जाहीर केले, "बाबा, मी कॉमर्सला जाणार."

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. मी मराठीचा प्राध्यापक. मुलीने विज्ञानाकडे जावे अशी तिच्या आईची इच्छा, आणि साहित्याकडे वळावे अशी माझी, मनातल्या मनात ठेवलेली. परंतु वाणिज्य? हिशेब, व्याज, नफा-तोटा? मी वर्गात उभा असल्यासारखा सुरू झालो. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, जिथे तागडी आली तिथून विद्या काढता पाय घेते, शून्याचा शोध काही दुकानदाराने लावला नाही, वगैरे, वगैरे. पंधरावीस मिनिटे मी बोललो असेन. बोलणे चांगले रंगले होते.

झोपाळ्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. ते म्हणाले, "मग मी चाळीस वर्षं कुणाची पूजा केली रे?"

बस्स, एवढेच. अण्णा एका कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. कीर्द लिहायची, खतावणी करायची, वर्षअखेरीस ताळेबंद मांडायचा, आणि दर दिवाळीला मालकाच्या गादीवर नव्या वहीची पूजा मांडून पहिल्या पानावर 'श्री' काढायचा, हे त्यांचे आयुष्य. त्यांच्या पगारावर मी एम. ए. झालो. वर्गात मी असंख्य वेळा सांगितले आहे की शब्द जपून वापरावा. त्या दिवशी माझा शब्द कुठे जाऊन लागला, ते मला ऐकू आले.

शिक्षकाजवळ उत्तर नसले की तो ग्रंथालयात जातो. मीही गेलो. आम्हा मराठीवाल्यांना युरोपातल्या प्रबोधनाची ओळख असते ती चित्रे, नाटके आणि कविता यांतून. या वेळी मी दुसऱ्या दाराने आत शिरलो. सराफांच्या पेढ्या, जकातनाकी, सावकारांचे कागद. चार महिने वाचले, त्याचा हा हिशेब आज लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर वाचकांपुढे ठेवतो.

पहिलीच नोंद माझ्या विरुद्ध निघाली. शून्याचा शोध दुकानदाराने लावला नाही हे खरे, तो आपल्याकडचा. पण तो शून्य युरोपात घरोघर पोचवला कुणी? इटलीतल्या पिसा गावचा एक गृहस्थ उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीचे काम पाहत असे. मुलगा पुढे धंद्यात उपयोगी पडावा म्हणून त्याने त्याला तिकडे बोलावून हिशेब शिकायला घातले. तिथे या मुलाने नऊ हिंदू अंक आणि अरबांनी नाव दिलेले ते दहावे, पोकळ चिन्ह पाहिले. हा मुलगा म्हणजे लिओनार्दो, ज्याला जग आज फिबोनाची म्हणून ओळखते. त्याने १२०२ साली 'लिबेर अबाची' हा मोठा ग्रंथ लिहिला. सशांच्या जोड्यांचे त्यातले कोडे आज शाळकरी पोरांनाही माहीत असते. परंतु त्या ग्रंथाचा केवढा तरी भाग मिऱ्यांचे भाव, कापडाची मापे, नाण्यांची अदलाबदल, भागीदारीतली वाटणी आणि व्याज यांनी भरलेला आहे. आपले त्रैराशिक त्याच वाटेने गेले आणि तिकडचे व्यापारी त्याला सुवर्णनियम म्हणू लागले.

मौज अशी की या पाहुण्या अंकांना सराफांनीच आधी दार लावले. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ साली नियम केला की हिशेबाच्या वहीत हे नवे आकडे घालू नयेत, रक्कम अक्षरी लिहावी. नवखे आकडे, त्यांत शेपटी ओढून फेरफार करणे सोपे, ही भीती. आपण हसतो, पण धनादेशावर आपणही अजून रक्कम अक्षरी लिहितोच. तरीही गरजेपुढे नियम टिकला नाही. १३३८ च्या सुमारास त्याच फ्लॉरेन्समध्ये सहा हिशेबशाळांतून हजार ते बाराशे मुले हे अंकगणित शिकत होती, असे व्हिल्लानी या बखरकाराने नोंदवले आहे. विद्यापीठे त्या वेळी लॅटिनमधून शास्त्रार्थ करीत होती. शून्य शिकवला जात होता तो वाण्या-सराफांच्या पोरांना, त्यांच्या घरच्या बोलीत.

आता व्याजाकडे येऊ. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

त्या काळच्या ख्रिस्ती धर्मशास्त्रात व्याज घेणे हे पाप होते. पैसा काही गाईसारखा वितो का, मग त्याला वासरू कुठून होणार, हा अरिस्टॉटलपासून चालत आलेला युक्तिवाद. आणखी एक आक्षेप असा की सावकार विकतो ते काय? काळ. आणि काळ तर देवाचा! दान्तेने आपल्या नरकात सावकारांना तापलेल्या वाळूवर, गळ्यात पैशाच्या पिशव्या अडकवून बसवले आहे. त्यांत पादुआच्या स्क्रोवेन्यी घराण्यातला एक आहे. त्याच्या मुलाने पादुआत एक देऊळ बांधले, ते १३०५ साली पूर्ण होऊन पवित्र झाले, आणि त्याच्या भिंती जोत्तो या चित्रकाराने रंगवल्या. बापाच्या व्याजाचे पाप फिटावे म्हणून हा खर्च, असे सर्वसाधारणपणे मानतात. युरोपच्या चित्रकलेतले एक नवे पर्व ज्या भिंतींवर उजाडले, त्या भिंतींचा चुना सावकारीच्या पैशाने कालवलेला होता.

पण व्याजावाचून व्यापार कसा चालायचा? तेव्हा पेढीवाल्यांनी पळवाट काढली. ती आपल्याला अनोळखी नाही: हुंडी. फ्लॉरेन्समध्ये फ्लोरिन घ्यायचे आणि लंडनला काही महिन्यांनी स्टर्लिंगमध्ये फेडायचे. दोन नाणी, दोन शहरे, दोन भाव. त्या भावांच्या फरकात व्याज गुपचूप बसलेले. कागदावर कर्ज नाही, फक्त नाण्यांची अदलाबदल! जिओव्हान्नी दी बिच्ची दे मेदिची याने १३९७ साली फ्लॉरेन्समध्ये जी पेढी घातली, तिचा मोठा धंदा या हुंड्यांचा. पाप लपवायला गणित लागते, आणि जितके पाप नाजूक तितके गणित अवघड. कोणत्या शहरी कोणत्या महिन्यात कोणत्या नाण्याचा भाव काय राहील, वाटेत किती दिवस जातील, जहाज बुडाले तर काय, हे सारे डोक्यात ठेवून आकडेमोड करणारी माणसे इटलीच्या प्रत्येक व्यापारी गावात तयार झाली.

त्यांचा गुरू म्हणावा असा एक संन्यासी होता. लुका पाचिओली. तरुणपणी त्याने व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना घरी शिकवले, पुढे फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेतली, आणि १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा एक जाडजूड ग्रंथ इटालियन भाषेत छापून प्रसिद्ध केला. अंकगणित, बीजगणित, भूमिती, आणि मधेच एक प्रकरण, हिशेब कसे लिहावेत याचे. ही द्विनोंदी पद्धत त्याने शोधली नाही; व्हेनिसचे व्यापारी ती वापरतच होते. त्याने ती नीट मांडून छापली. वहीच्या पहिल्या पानावर क्रूस काढून, ईश्वराचे नाव घालून आरंभ करावा, असे तो सांगतो. मी हे अण्णांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपला 'श्री'च."

मग त्यांनीच मला द्विनोंदीचे मर्म सांगितले. चाळीस वर्षांत मी ते कधी विचारले नव्हते. "हे बघ, माल आला तर तो कुठून तरी आला. पैसा गेला तर तो कुठे तरी गेला. म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची, एकदा जमेकडे, एकदा नावेकडे. संध्याकाळी दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. एक पैसा जुळला नाही तर दुकान बंद करता येत नाही. पैशाचं दुःख नसतं रे. चूक कुठे तरी आहे आणि ती दिसत नाही, हे दुःख."

मला वाटते, प्रयोगशाळेतल्या माणसाचे दुःखही याहून वेगळे नसावे. हिशेबाच्या वहीतून विज्ञान जन्माला आले, असे मी म्हणणार नाही. ते फार स्वस्त होईल. पण जे घडले ते त्याच दिवशी लिहायचे, आपल्याला आवडो न आवडो, आणि दुसऱ्याला तपासता येईल असे लिहायचे, ही सवय युरोपातल्या हजारो माणसांच्या हाताला आधी पेढीवर लागली होती, एवढे खरे.

पाचिओलीच्या ग्रंथात एक छोटे कोडे आहे. दोन गडी पैसे लावून खेळत आहेत. डाव अर्ध्यावर मोडला. पैसे कसे वाटावेत? पाचिओली म्हणाला, ज्याने जितके जिंकले त्या प्रमाणात. ते चूक होते. दीडशेहून अधिक वर्षांनी, १६५४ साली, पास्काल आणि फर्मा यांनी पत्रापत्री करून ते सोडवले. झालेले मोजू नका. जे व्हायचे बाकी आहे त्याच्या सगळ्या शक्यता मोजा. संभाव्यतेचे शास्त्र इथून चालू लागले. न घडलेल्या गोष्टीलाही किंमत असते, हे जहाजाच्या विम्याला पैसे मोजणारा व्यापारी कधीपासून जाणत होता. ती कशी मोजावी, हे आता गणिताने सांगितले.

आणखी एक मासला. एका माणसाने नीलमणी ५०० दुकातींना विकला. नफा झाला तो मूळ खरेदीच्या घनमुळाइतका. तर नफा किती? १५३५ साली व्हेनिसमध्ये फिओर नावाच्या गणितीने तार्ताल्या याला घातलेल्या ३० कोड्यांपैकी हे एक. तार्ताल्याचे बालपण मुलखाचे दुःखी. १५१२ साली फ्रेंचांनी ब्रेशा शहर लुटले तेव्हा लहानग्याच्या जबड्यावर तलवार बसली. वाचला, पण जन्माचा तोतरा झाला. तार्ताल्या म्हणजेच तोतरा! हिशेब शिकवून पोट भरणाऱ्या या माणसाने तिसाही कोडी सोडवली आणि त्यासाठी घन समीकरणाची रीत शोधून काढली. जी गोष्ट ग्रीकांच्या हाती अशी पूर्णपणे आली नव्हती ती नीलमण्याच्या दुकानी सापडली. पुढे १५४५ साली कार्दानोने ती रीत आपल्या ग्रंथात छापली आणि दोघांत जन्माचे वैर झाले. (नफा आठ दुकातींहून किंचित कमी येतो. वाचकांनी फराळानंतर करून पाहावे.)

परंतु या साऱ्या मंडळींत माझे मन जडले ते सिमोन स्तेविन या गृहस्थावर. जन्म १५४८, गाव ब्रूज. उमेदवारीच्या काळात तो अँटवर्पच्या पेढीवर कारकून आणि खजिनदार होता. तेव्हा चक्रवाढ व्याजाची कोष्टके हे सराफांचे गुपित असे. हस्तलिखित प्रती कुलपात ठेवलेल्या. स्तेविनने १५८२ साली ती कोष्टके स्वतः तयार करून छापून टाकली! अण्णांनी हे ऐकून पहिला प्रश्न केला, "मालकाने काढलं नाही त्याला?" तेव्हा तो ती नोकरी सोडून गेलेला होता, हे सांगितल्यावर त्यांना हायसे वाटले.

तीन वर्षांनी त्याने एक चोपडे काढले. अपूर्णांकांची कटकट टाळून सगळे हिशेब दशांशांत कसे करावेत, हे त्यात दाखवले आहे. अर्पण कुणाला? ज्योतिषी, भूमापक, गालिचे मोजणारे, पिंपे मापणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि सर्व व्यापारी यांना. आकाशातले ग्रह मोजणारा आणि दारूचे पिंप मोजणारा एकाच पंगतीला! नाणी आणि वजनमापेही दशमान करावीत, असे त्याने तेव्हाच सुचवले होते. आपल्याकडे नाण्यांच्या बाबतीत ते १ एप्रिल १९५७ ला झाले. अण्णा तेव्हा शाळेत होते. आणे-पै पाठ करून नुकतेच संपले होते, आणि आता नवे पैसे आले म्हणून मास्तरांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवले, ही त्यांची अजूनची तक्रार. ती कुणाकडे नोंदवावी, हे त्यांना यंदा कळले.

याच स्तेविनने आपल्या एका मित्राबरोबर डेल्फ्टच्या चर्चवरून शिशाचे दोन गोळे सोडले, एक दुसऱ्याच्या दहापट जड. खाली फळी ठेवली होती. तीस फुटांवरून दोन्ही एकदम आपटले, आवाज एकच आला. ही हकीकत १५८६ साली छापली गेली. पिसाच्या मनोऱ्यावरची गॅलिलिओची कथा सर्वांना माहीत असते; या कारकुनाचे गोळे कुणाला ऐकूही आले नाहीत.

आणि मराठीच्या शिक्षकाने हे कसे सोडावे? स्तेविन आपले बहुतेक ग्रंथ लॅटिन सोडून आपल्या डच भाषेत लिहीत असे. का? कारण शास्त्र वाढायचे तर पुष्कळ माणसांनी पुष्कळ गोष्टी पाहून लिहिल्या पाहिजेत, आणि ती माणसे, म्हणजे सुतार, खलाशी, हिशेबनीस, लॅटिन जाणत नाहीत. डच ही शास्त्राला कशी उत्तम भाषा आहे हे सिद्ध करण्यासाठी या गड्याने चक्क एकाक्षरी शब्दांची मोजदाद केली! त्याच्या मुशीतून आलेले 'विस्कुंदे' हे नाव डच लोक गणितासाठी आजही वापरतात. मातृभाषेच्या अभिमानावर मी वीस वर्षे भाषणे करीत आहे. त्या अभिमानाचा एवढा रोकडा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

आता गॅलिलिओ. आपल्या मनातला गॅलिलिओ दुर्बिणीला डोळा लावून एकटा उभा असतो. मला भेटलेला गॅलिलिओ बहिणींच्या हुंड्याच्या हप्त्यांनी गांजलेला होता. वडील १५९१ साली वारले. ते संगीतज्ञ, जोडीला कापडाचा व्यापार. थोरल्या लेकासाठी मागे उरले ते मुख्यतः देणे. एका बहिणीच्या हुंड्याची बाकी थकली म्हणून मेहुण्याने अटकेची धमकी दिली. धाकटीच्या लग्नात भावाने निम्मा वाटा उचलायचे कबूल केले आणि हात वर केले. प्राध्यापकाच्या पगारात हे भागेना. तेव्हा पादुआच्या या प्राध्यापकाने घरी विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवले, शिकवण्या केल्या, आणि आकडेमोडीचा एक पितळी कंपास बनवून विकायला सुरुवात केली. १६०६ साली त्याची माहितीपुस्तिका इटालियनमध्ये छापली. तोफेचा गोळा किती जड याबरोबरच नाण्यांची अदलाबदल आणि चक्रवाढ व्याज या कंपासावर कसे काढावे, हेही त्यात आहे. व्याज मोजणारे गॅलिलिओचे ते यंत्र पाहून, खरे सांगतो, मला तो जास्तच जवळचा वाटला.

१६०९ च्या ऑगस्टमध्ये त्याने व्हेनिसच्या सरदारांना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन दुर्बीण दाखवली. काय दाखवले? चंद्र नव्हे, जहाजे. उघड्या डोळ्यांना दिसण्यापूर्वी दोन तास अगोदर दिसणारी जहाजे! व्यापारी शहराला याचे मोल सांगावे लागले नाही. पगार वर्षाला १००० फ्लोरिन झाला. नंतर तीच नळी त्याने आकाशाकडे वळवली. जानेवारी १६१० मध्ये गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. त्यांची नावे त्याने कोणाच्या घराण्यावरून ठेवली? मेदिचींच्या. फ्लॉरेन्सच्या गादीवर तेव्हा जो बसला होता, तो १३९७ च्या त्या पेढीवाल्याचा वंशज. पेढी तर १४९४ सालीच बुडाली होती, पाचिओलीने हिशेबाचे पुस्तक छापले त्याच साली. घराणे मात्र गादीवर पोचले, आणि काही काळ आकाशातही.

इंग्लंडातली गोष्ट आम्हा प्राध्यापकांनी तर लक्षात ठेवावी अशी आहे. सर टॉमस ग्रेशम हा लंडनचा व्यापारी. राणीसाठी अँटवर्पच्या बाजारात कर्जे उभारणे हे त्याचे काम. त्याने लंडनला व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्स्चेंज ही भव्य इमारत बांधली. १५७१ साली एलिझाबेथ राणीने तिचे उद्घाटन केले. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले की इमारतीतल्या दुकानांच्या भाड्यातून सात प्राध्यापक नेमावेत, वर्षाला प्रत्येकी ५० पौंड, आणि त्यांनी लंडनच्या कोणाही नागरिकाला फुकट व्याख्याने द्यावीत, लॅटिनप्रमाणेच इंग्रजीतूनही. १५९७ साली हे ग्रेशम कॉलेज सुरू झाले. भूमितीचा पहिला प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज. नेपिअरचे लॉगॅरिदम दहाच्या पायावर आणून वापरण्याजोगे केले ते यानेच. आणि २८ नोव्हेंबर १६६० रोजी, याच कॉलेजात, खगोलशास्त्राचे प्राध्यापक ख्रिस्तोफर रेन यांचे व्याख्यान संपल्यावर बारा माणसे बसली आणि त्यांनी एक मंडळ काढायचे ठरवले. ती पुढची रॉयल सोसायटी. न्यूटन ज्या संस्थेचा पुढे अध्यक्ष झाला, तिची पहिली बैठक दुकानांच्या भाड्यावर चालणाऱ्या छपराखाली भरली होती.

त्या सोसायटीला डेल्फ्टहून पत्रे पाठवणारा एक कापडवाला होता. लेव्हनहुक. कापडाचा पोत, धाग्यांची वीण पाहायला कापडवाले भिंग वापरीत. याने स्वतः अधिकाधिक बारीक भिंगे घासली आणि १६७० नंतरच्या दशकात पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव जगात प्रथम पाहिले. त्याला लॅटिन येत नव्हते, पत्रे डचमध्ये. अण्णा म्हणाले, "आमच्या दुकानातही होतं भिंग. आम्ही फक्त कापडच पाहिलं." यावर काय बोलावे मला सुचले नाही. पण त्यांच्या त्या वाक्यातच दुसरी बाजू आहे. व्यापाराने भिंग हातात दिले. थेंबाकडे वळवले ते निव्वळ कुतूहलाने. त्या जिवांना बाजारात कवडीची किंमत नव्हती. नुसत्या लक्ष्मीने विद्या येती, तर जगातले सगळे सावकार पंडित झाले असते.

आणि नावेची बाजू लिहायची तर ती फार जड आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली निघाली. १६२१ साली जायफळाचा मक्ता मिळवण्यासाठी तिच्या माणसांनी बांदा बेटांवरील बहुतेक वस्ती मारून, उपाशी ठेवून किंवा गुलाम करून संपवली. त्याच कंपनीच्या कोचीनच्या अधिकाऱ्याने, व्हान रीडने, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा अपूर्व ग्रंथ करवून घेतला. १६७८ पासून तो अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. एकच कंपनी, एकच वही. जमेकडे झाडपाल्याचे ज्ञान, नावेकडे बांदाची माणसे.

आपल्या अंगणातली आणखी एक नोंद. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. वैद्यकी करी, रत्ने आणि औषधी यांचा व्यापार करी. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. बाजारात प्रत्यक्ष माल पाहून, वैद्य-व्यापाऱ्यांना विचारून त्याने हिंदुस्थानी औषधींवर पुस्तक लिहिले. १५६३ साली ते गोव्यात छापले गेले, आणि थोड्याच वर्षांत त्याचा लॅटिन सारांश युरोपभर वाचला गेला. ओर्ता १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने गुप्तपणे यहुदी धर्म पाळते म्हणून जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. लक्ष्मी-सरस्वतीचे वैर मी शोधत होतो. त्यांना जाळणारे हात मला तिसरीकडेच सापडले.

हे सगळे मी अण्णांना आणि कन्येला थोडेथोडे सांगत होतो. भाऊबीजेइतकी लक्षात राहील अशी एक रात्र मात्र नवरात्रात आली. बाझेलच्या याकोब बर्नूलीने व्याजासंबंधी विचारलेला प्रश्न मी मांडला. १६९० साली तो छापून आला होता. याकोब मसाल्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाची इच्छा त्याने धर्मशास्त्री व्हावे. धाकट्या योहानला बापाने दुकानात बसवले. दोघेही गणितात गेले. (हे सांगताना मी कन्येकडे पाहिले नाही.) प्रश्न असा : एक रुपया वर्षाला शंभर टक्के व्याजाने दिला, तर वर्षाअखेर दोन. पण सावकार हावरट. तो म्हणतो, सहा महिन्यांनी पन्नास टक्के दे आणि पुढे व्याजावर व्याज. मग किती?

"सव्वादोन," अण्णा झोपाळ्यावरून लगेच म्हणाले. पावकी-निमकी-पाऊणकी त्यांच्या जिभेवर असते.

"आणि दर तीन महिन्यांनी?" कन्येने मोबाईलवर आकडे दाबले. दोन रुपये चव्वेचाळीस पैसे. दर महिन्याला, दोन एकसष्ट. रोज, दोन एकाहत्तर. तिला आता चेव चढला. दर तासाला, दर मिनिटाला. आकडा वाढायचे नाव घेईना. २.७१८ च्या पुढे गाडी रेंगाळली.

अण्णा उठून टेबलापाशी आले. "म्हणजे सावकाराने घटकाघटकाला व्याज लावलं तरी रुपयाचे पावणेतीन होत नाहीत?"

"होत नाहीत, आजोबा. कध्धीच."

ही संख्या पुढे ऑयलरने 'ई' या अक्षराने लिहायला सुरुवात केली. झाडांची वाढ, चहाचे निवणे, किरणोत्सर्गाचा ऱ्हास, सगळीकडे ती भेटते, असे आमचे विज्ञान शाखेचे सहकारी सांगतात. ती पहिल्यांदा दिसली ती एका काल्पनिक सावकाराच्या खातेवहीत. कन्येची आई ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, मग कॉमर्सलाही गणित घेता येतं ना?" घेता येते. तसेच झाले.

आता शेवटची नोंद. ती खाजगी आहे, पण हिशेब पुरा केला पाहिजे.

यंदा लक्ष्मीपूजनाला अण्णांची एखादी जुनी वही पाटावर ठेवावी, असे माझ्या मनात आले. दुकानाच्या वह्या अर्थातच दुकानात राहिल्या. पण घरखर्चाची त्यांची कीर्द माळ्यावर होती, लाल कापडी बांधणीची. झटकून उघडली. २००१ सालचे पान लागले. जमेकडे अण्णांच्या मोडक्या-वळणदार अक्षरात लिहिले होते : मालकांकडून उसने रुपये ९०००, व्याज दरमहा शेकडा दीड. आणि नावेकडे, त्याच तारखेला : चिरंजीवाची एम. ए. ची फी, पुस्तके व वसतिगृह.

तेव्हा वडिलांनी मला सांगितले होते, की पैशांची सोय झाली आहे, तू अभ्यास कर. मी केला. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असे निबंधात लिहून बक्षीसही मिळवले असेल. पुढची पाने मी उलटीत गेलो. दर महिन्याला एक हप्ता. अडीच वर्षांनंतरच्या एका ओळीत लिहिले होते : मुद्दल व व्याज फेड पूर्ण, बाकी निरंक.

मला काही बोलता येईना. कन्या माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती. तिने विचारले, "आजोबा, हे व्याज सरळ होतं की चक्रवाढ?"

"सरळ," अण्णा म्हणाले. "मालक भला माणूस होता. ठेव ती वही पाटावर, उशीर होतोय."